बिनगुळाची कॉफी

जिल्ह्याच्या अभ्यासक्रम समितीनं माझा पाठ तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा त्यावर एक पिवळी चिठ्ठी डकवलेली होती. ‘फारच हृद्य! थोडा समतोल आणता येईल का?’

मी चिठ्ठी वाचली, तिची घडी घातली आणि पर्समध्ये जपमाळेच्या डबीशेजारी ठेवून दिली. रोज पहाटेच्या मिस्साला जाताना मी एक नेम करते, आजच्या दिवसात कुणाला टाकून बोलायचं नाही. दुपारच्या जेवणापर्यंत तो सहसा निभतो. त्या दिवशी तो निभावा म्हणून मी वर्गाचं दार लावून घेतलं आणि फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या वेळी त्यांना भाषा सौम्य हवी होती. मी सौम्य केली. दुसऱ्या वेळी मजकूर मुलांच्या वयाला झेपेल असा हवा होता. ज्यांची ही हकीगत, त्या मुली तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांच्याच वयाच्या होत्या. तरीही मी चार परिच्छेद काढून टाकले. आता समतोल. एका बाजूला फटके मारायची लाकडी फळी होती आणि दुसऱ्या बाजूला सतरा वर्षांची मुलगी. फळीची बाजू मी कशी मांडायची, एवढं कुणी मला समजावून सांगितलं असतं तर मी तीही लिहिली असती.

पाठ आमच्याच शाळेचा होता. सरहद्दीच्या नदीच्या अलीकडे, टेक्ससच्या या टोकाला, आमच्या एल नोगाल गावात शाळेच्या आवारात स्पॅनिश बोललं की फटके मिळायचे. घरात जी भाषा बोलून मूल जेवायला मागतं, तीच. १९६८ मध्ये एके दिवशी मुलं वर्गातून उठली आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. सगळ्यांत पुढे होती एउफेमिया लोंगोरिया. खोली बारा, खिडकीजवळचा बाक. शेजारच्या मुलीला चक्कर आली म्हणून हिनं तिला स्पॅनिशमध्ये धीर दिला, त्याबद्दल हिला फळी बसली होती. बाहेर पडलेली बाकीची मुलं हळूहळू परत घेतली गेली. हिला घेतलं नाही. शाळा सुटली ती सुटलीच. पुढची चाळीस वर्षं तिनं कांद्याच्या गोदामात कांदे निवडले.

खोली बारा आज माझी आहे. तिथे मी इतिहास शिकवते. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मला ज्या हातांनी पाण्यावर धरलं ते हात एउफेमियाचे, म्हणजे ती माझी मादरीना, धर्ममाता. गाव तिला मानानं दोन्या फेमिया म्हणतं.

पाठ मंजूर झाला तर त्या पाठाची पाहुणी म्हणून तिला वर्गात बोलावता येणार होतं. मंजूर पाठाशिवाय बाहेरच्या माणसाला वर्गात बोलू द्यायचं नाही, असा जिल्ह्याचा नियम आहे. म्हणून मी सान हुआनच्या मातेला नवस बोलले होते. मादरीना खोली बारामध्ये, शिक्षकाच्या खुर्चीत बसून बोलेपर्यंत मी कॉफीत गूळ घालणार नाही. आमच्याकडे कॉफी मातीच्या भांड्यात, दालचिनी आणि गुळाचा खडा घालून उकळतात. गुळाशिवाय ती काढ्यासारखी लागते. नवस बोलले तेव्हा वाटलं होतं, नाताळापर्यंतचाच प्रश्न आहे. आता त्यानंतरचा दुसरा नाताळ जवळ येत होता.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. आदल्या दिवशी तिचं डायलिसिस झालेलं होतं. दंडावर पट्टी, डोळ्यांखाली काळं. पण तोंड चालूच.

“आलीस? बस. तुझं वेगळं पातेलं चढवते. एका घरात दोन कॉफ्या, गुळाची आणि कर्माची.”

“मी करते ना, मादरीना.”

“तू बस. तोंड बघ तुझं. परत पाठवला ना?”

“समतोल हवाय म्हणतात.”

तिनं चमचा खाली ठेवला. “म्हणजे?”

“दोन्ही बाजू.”

“दोन्ही बाजूंना बसले होते की गं फटके. विचार त्यांना, दाखवू का म्हणावं.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती खोकला येईपर्यंत हसली. मग खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाली, “पोरी, कुणी सांगितला होता तुला असला नवस? कॉफीनं काय पाप केलंय? गुडघ्यांवर चालत जायचं देवळात, मेणबत्ती लावायची, मोकळं व्हायचं.”

“तुम्ही वर्गात बोललात की मोकळी होईन.”

“म्हणजे माझ्यावर ढकललंस.” तिनं माझ्यापुढे काळी कॉफी ठेवली. तिची नात यारेत्सी, माझ्याच वर्गातली, टेबलाच्या टोकाला गृहपाठ करत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “मिस, आजी रोज रात्री सराव करते. आरशासमोर.”

“चूप गं.”

“खुर्चीत बसून करते. पाय कसे ठेवायचे त्याचासुद्धा.”

दोन्या फेमियानं तिला फडकं फेकून मारलं. मी कॉफीचा घोट घेतला. कडू होता.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या अभ्यासक्रम विभागाच्या व्हिटलॉकबाई शाळेत आल्या. बाई वाईट नाहीत, हे आधी सांगायला हवं. उत्तरेकडून आल्या, पण आमच्या बायकांबरोबर बसून मक्याच्या पानातले तामाले करायला शिकल्या, कशिदा काढलेले झगे घालतात. त्यांना आमचं सगळं आवडतं. अडचण तीच होती. आवडत असल्यामुळे त्यांना कधी काही विचारावंसं वाटत नसे.

“ओब्दुलिया, माझ्याकडे आनंदाची बातमी आहे,” मुख्याध्यापकांच्या खोलीत त्या म्हणाल्या. “यंदा मृतांच्या दिवशी वाचनालयात त्यांची वेदी मांडायची. झेंडू, पाव, फोटो. जिल्ह्याचं शाळा-बोर्ड येणार, टीव्हीवाले येणार. संशोधन काय सांगतं, मुलाच्या घरातलं ज्ञान हेच शाळेचं भांडवल. प्रत्येक मुलाला शाळेत स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे.”

“आणि माझा पाठ?”

“तो आहेच. समतोल झाला की बघू.”

त्या गेल्यावर मुख्याध्यापक रोलांदो ओचोआनं दार लोटलं. आम्ही दोघं एकाच वर्गात शिकलो. चारचौघांत मी त्याला सर म्हणते.

“घे ना गं, मिळतंय ते,” तो म्हणाला. “वेदीत काय वाईट आहे? आपलीच रीत आहे.”

“रीत आपली आहे, रोलांदो. ती घरी मांडते मी. इथे मी पाठ मागितला होता.”

“पुढच्या वर्षी.”

“गेल्या वर्षीही तू मला हेच पुढचं वर्ष दिलं होतंस.”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. “तुला वाटतं तेवढं माझ्या हातात नसतं.”

“मला काहीच वाटत नाही तुझ्या हातात आहे म्हणून,” मी म्हणाले, आणि त्या दिवसाचा नेम तिथेच मोडला. संध्याकाळी जपमाळेचा एक फेरा जास्त केला.

वेदी मांडली ती वाचनालयाच्या समितीनं. मला बोलावलं नव्हतं. तास चालू असताना यारेत्सी दारात आली, पांढरी पडलेली.

“मिस, चला. आत्ता चला.”

“काय झालं?”

“चला ना!”

वाचनालयात चढत्या पायऱ्यांची वेदी होती. प्लास्टिकचे झेंडू, कागदी पताका, आग लागू नये म्हणून बॅटरीवर मिणमिणणाऱ्या मेणबत्त्या. वरच्या पायरीवर युद्धात पडलेला गावातला एक सैनिक, एक जुने पाद्री, शाळेचे वारलेले बँडमास्तर. आणि मधोमध सोनेरी चौकटीत, सगळ्यांत मोठा, शाळेच्या फाटकाबाहेरचा फोटो. वर्तमानपत्रातला. बाकीच्या मुली कापून टाकलेल्या, फक्त पुढची राहिलेली. वेण्या, घट्ट मिटलेले ओठ, छातीशी पुस्तकं. फोटोखाली त्याच कागदावर छापलं होतं, ‘एक विद्यार्थिनी, १९६८. तिच्या स्मृतीस.’

“मिस, ही माझी आजी आहे,” यारेत्सी म्हणाली.

तिच्या पाठोपाठ आलेल्या मुलांपैकी कुणीतरी छातीवर क्रूस केला. एक मुलगी म्हणाली, “जिवंत माणसाला वर ठेवलंय? अरे देवा.” आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. वेदीवर जिवंत माणसाचा फोटो ठेवत नाहीत. घरच्या फोटोत मेलेल्याच्या शेजारी जिवंत उभा असेल, तर जिवंताला झाकून फोटो ठेवतात. कारण त्या रात्री मेलेले येतात, आणि वेदीवर जो दिसेल तो आपला समजून बरोबर घेऊन जातात. आणि इथे तर आठवड्यातून तीन वेळा सुईवर जगणारी बाई.

फोटो माझ्याच पाठातला होता. त्याच्या खाली मी स्वतः लिहिलं होतं, एउफेमिया लोंगोरिया, राहणार एल नोगाल, वर्गात येऊन बोलण्यास तयार. तीन वेळा पाठवला होता मी तो पाठ. तीन वेळा त्यांनी त्यावर शेरे मारले होते.

मी चौकट उचलली आणि छातीशी धरून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. व्हिटलॉकबाई तिथेच होत्या.

“या जिवंत आहेत,” मी म्हणाले. माझा आवाज नेहमीपेक्षाही हळू निघाला. संतापले की तो खाली जातो.

“ओह.” बाईंनी फोटो पाहिला. “पण अडुसष्ट साल… आम्हाला वाटलं…”

“खाली लिहिलेलं आहे. पाठात.”

“अगं हो, पाठ फार सविस्तर होता ना,” बाई म्हणाल्या. “पण बघ, नाव कुठे घातलंय आम्ही? ती एक प्रतीक म्हणून आहे. त्या सगळ्या पिढीची.”

मी रोलांदोकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. ती जिवंत आहे हे त्याला ठाऊक होतं. लहानपणी दोन्या फेमियाच्या ओसरीवर त्यानं कितीदा दूध-पाव खाल्ला असेल. त्याचा हात क्रूस करायला नकळत कपाळाकडे गेला, आणि बाईंचं लक्ष आहे म्हटल्यावर त्यानं तिथून केसच सारखे केले.

“उद्या बोर्ड येतंय, ओब्दुलिया,” तो म्हणाला. “एक दिवस. परवा काढू.”

“एक दिवस पुरतो त्यांना यायला.”

“कुणाला?” बाईंनी विचारलं.

मी चौकट घेऊन माझ्या वर्गात गेले आणि ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वेदीच्या मधोमध तोच फोटो होता. त्यांच्याकडे पाठाची फाइल होती. नवी प्रत काढली, नवी चौकट आणली. ही आधीच्यापेक्षा मोठी होती.

कार्यक्रम सुरू झाला. बोर्डाचे अध्यक्ष, दोन सदस्य, टीव्हीचा एक माणूस, उभी केलेली माझी मुलं. व्हिटलॉकबाईंनी कशिद्याचा झगा घातला होता आणि भांडवलाचं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. प्रत्येक मुलाला शाळेत स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे, असं त्या म्हणत होत्या तेवढ्यात मागचं दार उघडलं.

यारेत्सीच्या दंडाला धरून दोन्या फेमिया आत येत होती. देवळात जायचा काळा पोशाख, ओठांना लाली. मुलं आपोआप बाजूला झाली. ती थेट वेदीपुढे गेली आणि कंबरेवर हात ठेवून स्वतःकडे बघत राहिली.

“फोटो छान आलाय,” ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. “पण माझ्या बरोबरच्या बाकीच्या पोरी कुठायत? एकटी मेले का मी?”

कुणीतरी हसलं.

“आणि पाणी कुठाय? मेलेली माणसं एवढ्या लांबून तहानलेली येतात, पेलाभर पाणी ठेवायची पद्धत आहे. डॉक्टर मला घोटघोट मोजून पाजतो. म्हटलं, मेल्यावर तरी पोटभर मिळेल.”

व्हिटलॉकबाई पुढे झाल्या. त्यांना स्पॅनिश थोडंसं येतं. “मॅडम, आपण…?”

दोन्या फेमियानं फोटोकडे बोट दाखवलं. मग स्वतःकडे.

बाईंच्या हातातला कागद खाली आला. त्या लाल झाल्या, आणि मला त्यांची खरंच दया आली. “फार फार क्षमस्व,” त्या म्हणाल्या. “आम्ही आत्ता काढतो.”

“राहू दे. बसवलंत तर बसते.” वेदीशेजारी ग्रंथपालांची खुर्ची होती. दोन्या फेमियानं ती ओढली आणि पाय नीट एकापुढे एक ठेवून बसली. आरशासमोर सराव केल्यासारखी. “या ओब्दुलियाला नियम सांगता ना, बाहेरच्या माणसानं बोलायला परवानगी लागते म्हणून? मी बाहेरची होते. आता तुम्हीच आत घेतलंत, चौकटीत घालून. मेलेल्यांना परवानगी लागते का? त्यांच्या दिवशी त्यांनी येऊन बोलायचं, हीच तर रीत आहे.”

बोर्डाच्या अध्यक्षांना कुणी भाषांतर करून सांगितलं नाही. तेही मानेनं हो म्हणाले.

आणि ती बोलायला लागली. खिडकीजवळचा बाक. चक्कर आलेली मुलगी. फळीला पाडलेली भोकं, हवा अडू नये आणि फटका जोरात बसावा म्हणून. फटके मारणारे मास्तर रविवारी देवळात हिच्याच वडिलांच्या मागच्या रांगेत बसायचे, तेही. हे पाठात नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. मागून रोलांदो आला, हातात पाण्याचा पेला. त्यानं तो तिच्याजवळ वेदीवर ठेवला. तिनं बोलणं न थांबवता एक घोट घेतला आणि म्हणाली, “ग्रासियास, रोली.” त्याचे डोळे भरले.

मग घंटा वाजली.

तिची हकीगत अजून फाटकापर्यंतही पोहोचली नव्हती. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. टीव्हीचा माणूस पुढे आला. “आजीबाई, वेदीवरची ही साखरेची कवटी जरा गालाशी धरता? अशी. हसा.”

“मुलांनो, पुढचा तास,” रोलांदो म्हणाला. त्याच्या गालावर अजून ओल होती, आणि तरी तो तेच म्हणाला.

“सर, तिचं संपलं नाहीये,” यारेत्सी म्हणाली.

“तास सुरू झालाय.”

माझ्या वर्गातली मुलं जागची हलली नाहीत. मी त्यांना हला म्हणाले नाही. पण दुसरा वर्ग दारात येऊन थांबला होता, ग्रंथपाल खुर्ची मागत होत्या, आणि दोन्या फेमियाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिला घरी न्यायलाच हवं होतं. निघताना तिनं वेदीवरची चौकट उतरवली आणि माझ्या हातात दिली. “ही तुझ्या वर्गात लाव. साध्या भिंतीवर. जिवंत माणसं लावतात तशी.”

संध्याकाळच्या बातम्यांत ती पाच-सहा सेकंद दिसली, कवटी गालाशी धरलेली. आवाज नव्हता, वर गिटार लावलं होतं.

समितीचा निरोप त्यानंतरच्या सोमवारी आला. व्हिटलॉकबाईंनी स्वतः लिहिला होता, मनापासून. कार्यक्रम अविस्मरणीय झाला. त्या प्रसंगाने हा दृष्टिकोन मुलांपर्यंत इतक्या प्रभावीपणे पोहोचला आहे, की यंदा वेगळ्या पाठाची गरज समितीला वाटत नाही.

मी तो निरोप वर्गात बसून वाचला. भिंतीवर चौकट होती. खालचा ‘तिच्या स्मृतीस’ मी ब्लेडनं खरवडून काढला होता. तिथे कागद पातळ झाला होता, आणि मागचा पुठ्ठा दिसत होता. फळा पुसायला उठले, पण त्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं, म्हणून तसंच राहू दिलं आणि मादरीनाकडे गेले.

ती चुलीपाशी उभी होती. एकच पातेलं चढवलेलं. दालचिनीचा वास दारापर्यंत येत होता.

“ये. आज एकाच भांड्यातली पी,” ती म्हणाली. “तुझा नवस फिटला. बोलले ना मी? शाळेत बोलले, खुर्चीत बसून बोलले. गुळाचा खडा मुद्दाम मोठा टाकलाय.”

“मादरीना, ते वाचनालय होतं.”

“मग?”

“खोली बारा म्हटलं होतं मी. आणि शिक्षकाची खुर्ची. ती ग्रंथपालांची होती.”

तिनं डाव हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. “तू मातेशी बोलतेस की वकिलाशी?”

“आणि पाठ नाकारला. गरज नाही म्हणतात. तुम्ही बोललात, म्हणून गरज नाही.”

यारेत्सीनं पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता मादरीना रडेल. किंवा मी. त्याऐवजी तिनं वरच्या फळीवरून दुसरं लहान पातेलं काढलं, पाणी घातलं आणि आदळून चुलीवर ठेवलं.

“म्हणजे अजून जगायचं मला,” ती म्हणाली. “तुझ्या गुळापायी. पुढच्या वर्षी परत पाठवशील?”

“पाठवीन.”

“समतोल घालून?”

“नाही. काढलेले चार परिच्छेद परत घालून. आणि देवळातल्या मागच्या रांगेचं तुम्ही सांगितलंत तेही.”

“बाकीचं सांगितलंच कुठे. घंटा वाजली.” ती खुर्चीवर बसली, दंडावरची पट्टी सारखी केली. “यारेत्सी, वही काढ. तुझ्या मिससाठी लिहून घे. फाटकापर्यंत यायचं राहिलं होतं ना आपलं?”

लहान पातेल्यातलं पाणी उकळलं. मी उठले, पूड घातली, गाळली आणि उभ्याउभ्याच पहिला घोट घेतला. नेहमीसारखाच कडू होता.